वडिलांच्या नावाचा फ्लॅट आपल्या नावावर करताना: मुंबईत वकील कशासाठी लागतो आणि कशासाठी नाही

'फ्लॅट नावावर करून घ्यायचाय' असं कोणी म्हणालं की त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा शेअर सर्टिफिकेट असतं. सोसायटीने त्याच्या मागच्या रकान्यात नवं नाव चढवलं, चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या झाल्या, गोल शिक्का बसला, की काम झालं असं समजून फाइल माळ्यावर जाते. पुढे कधीतरी फ्लॅट विकायला निघतो. खरेदीदाराच्या बँकेचा वकील फाइल चाळतो आणि विचारतो, ''वडिलांकडून हक्क तुमच्याकडे कोणत्या दस्ताने आला?'' तोवर एक बहीण कॅनडात, एक भाऊ वारलेला आणि त्याची मुलं बोलत नाहीत.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर बरीच वर्षं आहे आणि असल्या फायली टेबलावर येतच असतात. गोंधळाचं मूळ जवळपास सारखंच असतं. सोसायटीचं दप्तर, मालकीचा दस्त आणि महापालिका-वीज कंपनीची बिलं ही तीन वेगळी खाती आहेत. एकात नाव लागलं म्हणून दुसऱ्यात लागत नाही. वकील खरा लागतो तो मधल्या कामाला. पहिलं आणि तिसरं थोडा वेळ काढला तर स्वतः करता येतं, आणि त्यासाठी वकिलाला पैसे मोजायचे की नाहीत हे ज्याने त्याने आपल्या सवडीप्रमाणे ठरवावं.

इथे सोसायटीतला मालकी हक्काचा फ्लॅट आणि आई किंवा वडील वारल्यानंतरची परिस्थिती धरली आहे. पागडीची खोली, म्हाडाचं घर, झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर, कलेक्टरच्या जमिनीवरची सोसायटी यांच्या वाटा वेगळ्या आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन सोडून बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

वकिलाकडे जाण्याआधी: वारसांची यादी

एका कागदावर वारस लिहून काढा. सोपं वाटतं, पण चुका इथेच होतात. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई या सगळ्यांना समान हिस्सा असतो. मुलीचं लग्न कधी झालं, किती थाटात झालं, याचा काहीही संबंध नाही. आणि आजी हमखास विसरली जाते. वडील गेले तेव्हा त्यांची आई गावी हयात होती, म्हणजे तिचाही हिस्सा उघडला. ती नंतर वारली, तर तो हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे काका-आत्यांकडेही गेला. ही गोष्ट घरात कुणाच्या गावीही नसते आणि बँकेचा वकील ती बरोबर हुडकून काढतो.

आधीच वारलेल्या भावाची किंवा बहिणीची मुलं, भावाची पत्नी, हेही यादीत येतात. आई वारली असेल तर क्रम वेगळा आहे: मुलगे, मुली आणि नवरा एकत्र. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे त्यांनी यादी करतानाच त्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला विचारावं.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: वय, राहतात कुठे, आणि सही द्यायला तयार आहेत का. तिसऱ्या रकान्यात जे येईल त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

यावरून सख्ख्या भावंडांत जेवढी भांडणं झाली तेवढी दागिन्यांवरूनही झाली नसतील. वडिलांनी थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून दिलं, आता थोरला म्हणतो घर माझं. तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ मध्ये स्पष्ट आहे की सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, आणि तेही कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे हक्कदार ठरणारी व्यक्ती सभासद होईपर्यंतच. तोवर सोसायटीशी व्यवहार कोणी करायचा एवढाच प्रश्न नॉमिनेशनने सुटतो.

उपविधींप्रमाणे नॉमिनीने मृत्यूनंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. तो करून टाका, त्याला वकील लागत नाही. पण तिथे थांबू नका.

कागदांची चेन

बिल्डरशी झालेला पहिला करारनामा, मध्ये फ्लॅट जितक्यांदा विकला गेला तितके करारनामे, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश), शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, ताजं मेंटेनन्स बिल, मालमत्ता कराचं बिल. कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतील, त्यांची यादी बँकेकडून लेखी घ्या. मधला एखादा करारनामा हरवला असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून शोधा. दस्त क्रमांक हाती लागला की त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते.

जुन्या फ्लॅटबाबत एक तारीख लक्षात ठेवा: १० डिसेंबर १९८५. त्याआधीचे फ्लॅटचे करारनामे पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पवर व्हायचे, कारण विक्रीच्या करारालाच खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क त्या तारखेपासून लागू झालं. म्हणून १९७८ चा पाच रुपयांचा कागद पाहून घाबरू नका. पण १९९२ चा करारनामा कमी स्टॅम्पवर असेल, तर फरकाची रक्कम आणि दरमहा दोन टक्क्यांप्रमाणे दंड हा विषय निघू शकतो. तो हक्कसोडीच्या, म्हणजे एका वारसाने आपला हिस्सा दुसऱ्या वारसासाठी सोडण्याच्या, आधी निस्तरावा लागतो. करारनामा झाला पण नोंदवलाच गेला नाही, असंही जुन्या मुंबईत बरंच आहे. तिथे वकील पुष्टीपत्र, म्हणजे कन्फर्मेशन डीड, करायला सांगतात.

कोणत्या दस्ताने हक्क येणार

सगळे वारस एकमताने एकाच्या नावावर करायला तयार असतील तर हक्कसोडपत्र. मुंबईत सर्वांत जास्त होतं ते हेच. आई, भाऊ, बहीण यांच्यामध्ये पैसे न घेता, वारसाने आलेला हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पूर्वी २०० रुपये होतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५०० झालं. नोंदणी फी आणि पानामागे ४० रुपये हाताळणी शुल्क वेगळं.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ही सवलत मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ५२ मध्ये 'वडिलोपार्जित मालमत्ता' आणि ठरावीक नाती यांच्यापुरतीच आहे, म्हणून मिळकत वारसाने कशी आली आणि देणारा-घेणारा यांचं नातं काय, हे मसुद्यात नीट यायला हवं. दुसरं, हक्क सहहिस्सेदाराच्या लाभातच सोडता येतो. बहिणीने आपला हिस्सा भावाऐवजी भावाच्या मुलाला द्यायचा म्हटलं तर ती हक्कसोड होत नाही. तिसरं, टेबलाखालून पैसे देऊन 'बिनमोबदला' लिहायचं. हे करू नका. बहिणीला पैसे द्यायचे असतील तर वकिलाला उघड सांगा आणि त्याचं शुल्क किती पडतं ते आधी काढून घ्या. पुढे तीच बहीण 'मला फसवलं' म्हणून कोर्टात गेली तर चेकची नोंद आणि दस्तातला मजकूर यांचा मेळ बसणार नाही.

सगळ्यांना एकत्रच ठेवायचं असेल तर हक्कसोडीची गरजच नाही. सगळे वारस संयुक्त सभासद होऊ शकतात. विकताना सगळ्यांच्या सह्या लागतील, एवढं मान्य असलं म्हणजे झालं.

वारसांत अज्ञान मूल असेल, म्हणजे भाऊ वारला आणि त्याची मुलगी बारा वर्षांची आहे, तर तिच्या वतीने तिची आई हक्क सोडू शकत नाही. कोर्टाची परवानगी लागते. 'वहिनीची सही घेऊन टाकू' असा सल्ला देणारा माणूस टाळा, मग तो वकील का असेना.

मृत्युपत्र असेल तर? मुंबईत वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं: प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. शहराच्या हद्दीत केलेलं किंवा इथल्या स्थावर मिळकतीबद्दलचं हिंदूंचं मृत्युपत्र प्रोबेटशिवाय कोर्टात चालत नसे, तर पुण्या-नाशकात तशी सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने इंडियन सक्सेशन ॲक्टमधलं ते कलम २१३ वगळलं. त्यामुळे आता प्रोबेट सक्तीचं राहिलेलं नाही, पण ते घेता येतं. एखादा वारस मृत्युपत्रावर शंका घेत असेल, तर कोर्टाचा शिक्का असलेला बरा. जुन्या सवयीने कमिटी अजून प्रोबेट मागत असेल तर वकिलाकडून दोन परिच्छेदांचं पत्र द्या, बहुधा तेवढं पुरतं. मृत्यू आणि अर्ज या बदलाच्या आधीचे असतील तर मात्र प्रकरण वकिलाला दाखवूनच पुढे जा.

मृत्युपत्र नाही आणि एकमतही नाही, तर उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनसाठी (मयताच्या मिळकतीची व्यवस्था बघण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी) अर्ज, किंवा वाटपाचा दावा. कुणी कॅव्हेट, म्हणजे कोर्टात हरकत, टाकलं की साध्या अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात. त्याआधी एकदा मध्यस्थीचा प्रयत्न करा. एक गैरसमज इथेच दूर करतो: सक्सेशन सर्टिफिकेट हे मुळात बँकेतली ठेव, शेअर, येणं यांसाठी असतं. फ्लॅटची मालकी त्याने ठरत नाही.

वकील कसा निवडायचा

मिळकतीच्या दस्तांचं काम रोज करणारा वकील हवा. कोर्टात फौजदारी खटले गाजवणारा शेजारचा ओळखीचा वकील कितीही चांगला असला तरी या कामाला तो दुसऱ्याला गाठणार. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेले एजंट चलन भरणं, डेटा एंट्री, टोकन ही कामं झटपट करतात. त्यासाठी त्यांचा उपयोग करा. वारस कोण आणि कोणता दस्त योग्य, हे त्यांना विचारू नका. त्यांच्याकडे एकच मसुदा असतो आणि तो सगळ्यांना चालतो असं त्यांचं मत असतं.

वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच वाटायला नको. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून 'पंधरा दिवसांत नावावर, गॅरंटी' असला बोर्ड दिसला की पुढे चालू लागा. दाव्याच्या निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या मिळकतीत वाटा, हेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

पहिल्या भेटीला वारसांची यादी, चेनच्या झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला एवढंच न्या. मूळ कागद नेलेच तर दाखवून परत आणा. त्या भेटीत हे विचारा:

- माझ्या घरात कोणता दस्त लागेल, आणि तोच का?
- सर्च (जुन्या नोंदींची तपासणी) किती वर्षांचा काढणार, आणि त्याचा लेखी अहवाल देणार का? तीस वर्षांचा काढायची पद्धत आहे.
- फीमध्ये काय काय येतं: मसुदा, सर्च, नोंदणीला हजर राहणं, सोसायटीचे फॉर्म, जाहीर नोटीस?
- सरकारी शुल्क किती, आणि ते माझ्या नावाच्या चलनानेच भरणार ना?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुद्रांक आणि नोंदणी फी सरकारच्या ग्रास प्रणालीवर ऑनलाइन भरता येते आणि चलनावर रक्कम छापलेली असते. 'सगळं मिळून' असा एकच आकडा सांगितला गेला तर त्यातलं सरकारचं किती आणि वकिलाचं किती, हे वेगळं करून मागा. ठरलेली फी व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून घ्या. आणि पुढे पटलं नाही, फी राहिली, म्हणून वकील तुमचे मूळ कागद अडवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ते स्पष्ट केलं आहे.

फी परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याखाली विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. विधवा आईला दिरांनी घराबाहेर काढायचा घाट घातला असेल, तर हा फोन आधी करा.

मसुदा हातात आला की

वकिलाने पाठवलेला मसुदा घरी बसून वाचा. आधार, पॅन, करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट समोर ठेवा. 'सुरेश' आणि 'सुरेशचंद्र', लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, फ्लॅटचा जुना नंबर आणि सोसायटीने नंतर दिलेला नंबर, चौरस फूट आणि चौरस मीटर, सी.टी.एस. (नगर भूमापन) क्रमांक आणि गाव. मुंबईत गाव म्हणजे महसुली गाव. विलेपार्ल्याच्या पूर्वेला राहणाऱ्याच्या दस्तात वेगळंच गाव दिसलं तर गडबडू नका, पण ते मूळ करारनाम्याशी जुळतं का ते बघा. दस्त इंग्रजीत असला आणि आईला इंग्रजी येत नसेल तर तो तिला मराठीत वाचून, समजावून सांगितल्याचा उल्लेख शेवटी असू द्या. आणि खरोखर समजावूनही सांगा.

नोंदणीचा दिवस

आधी ऑनलाइन डेटा एंट्री करून अकरा आकडी नंबर मिळतो, वेळ घेता येते. त्या दिवशी सगळे देणारे-घेणारे, ओळख पटवायला दोन जण, सगळ्यांचे मूळ आधार-पॅन आणि दस्ताच्या प्रत्येक पानावर सह्या. खुर्चीवर बसायचं, समोरच्या छोट्या कॅमेऱ्यात फोटो, मग यंत्रावर अंगठा. वयस्कर माणसांचे अंगठे गुळगुळीत झालेले असतात, दोन-तीनदा पुसून ठेवायला लागतात. आईला गुडघेदुखी असेल तर कार्यालय कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी बघून या.

सही-अंगठ्याआधी स्क्रीनवरची नावं किंवा छापील सारांश एकदा तपासा. तिथे झालेली चूक सूची दोनमध्ये उतरते आणि मग चूकदुरुस्तीचा दस्त करत बसावं लागतं. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह.

परदेशातल्या वारसासाठी मुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून इथे पाठवायचं, आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचं. पाकीट आल्याची तारीख जपा, कुरियरचं वेष्टण फेकू नका. मुखत्यारपत्रात हाच फ्लॅट, याच व्यक्तीच्या लाभात, विनामोबदला हक्कसोड, असं नेमकं लिहिलेलं हवं.

सोसायटीकडे

नोंदलेला दस्त, सूची दोन, मृत्यूचा दाखला, उपविधींमधल्या नमुन्यातला अर्ज, हमीपत्र, मूळ शेअर सर्टिफिकेट. प्रवेश फी १०० रुपये आणि हस्तांतर फी ५००. प्रीमियम, म्हणजे हस्तांतरासाठी सोसायटी घेते ती जादा रक्कम, लागत नाही. महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपयांची जी मर्यादा आहे ती विक्रीसाठी. वारसाला किंवा घरातल्या माणसाला हस्तांतर करताना प्रीमियम मागणं नियमात नाही. 'सोसायटीच्या विकासासाठी देणगी' या नावाने मागितलं तरी नाही. हे मी कमिटीवर बसून सांगतोय.

नॉमिनेशन नसेल तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या जातात. अर्जाची पोच घ्या, तारखेसह. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याप्रमाणे सभासदत्व मिळालं असं मानलं जातं आणि ते जाहीर करून घ्यायला तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. नकार दिला तर कारण लेखी मागा, अपील तिथेच आहे. नुसतं 'उपनिबंधकांकडे जातो' असं पत्र आलं की पुष्कळ कमिट्यांची पुढची मीटिंग लवकर लागते.

ज्यांची वाट वेगळी आहे

पागडीच्या खोलीत मालकी नसते, भाडेकरू हक्क असतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तो मिळतो, त्यामुळे तिथे रेशन कार्ड आणि राहत्या पत्त्याचे पुरावे महत्त्वाचे. म्हाडाच्या घराला म्हाडाकडे वारस नोंद लागते. कलेक्टरच्या जमिनीवरच्या सोसायटीत शर्ती आधी वाचाव्या लागतात. या तिन्हींत त्याच प्रकारचं काम केलेला वकील शोधा.

आई-वडील हयात असताना बक्षीसपत्र करावं का, हेही बरेच जण विचारतात. राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडं किंवा विधवा सुनेला दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, म्हणून मोह होतो. माझं मत विचाराल तर आईने डोक्यावरचं छप्पर हयातीत देऊन टाकू नये. मृत्युपत्र करावं, नॉमिनेशन करावं. तरी करायचंच असेल तर 'मला शेवटपर्यंत राहायला मिळेल आणि सांभाळ केला जाईल' ही अट दस्तात लिहून घ्यावी. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो.

उरलेली बिलं

सोसायटीचं काम झालं की शेअर सर्टिफिकेट आणि सूची दोनच्या प्रती घेऊन वॉर्ड ऑफिसच्या करनिर्धारण खात्यात अर्ज. वीज बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी ज्याची असेल त्याच्याकडे आणि पाइपचा गॅस असेल तर तिथेही. ही कामं स्वतः करा. मग नवं नॉमिनेशन तीन प्रतींत भरून सेक्रेटरींकडे द्या आणि एका प्रतीवर पोच घेऊन ती मूळ दस्ताबरोबर ठेवा.